राखलेले आणि राहिलेले

‘जागा नाही’ हे दोन शब्द आपण वर्षातून किती वेळा उच्चारतो, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? दिवाळीआधी घर आवरताना तर ते घरोघर ऐकू येतात. माळ्यावरचे पितळी घंगाळ खाली येते, आजोबांची मोडकी छत्री खाली येते, कोणाच्या तरी शाळेतल्या वह्यांचा गठ्ठा खाली येतो. आणि घरातले कर्ते माणूस कमरेवर हात ठेवून म्हणते, ‘काढून टाका. जागा नाही.’ या निकालावर सहसा अपील होत नाही. ‘मला हे नको आहे’ असे म्हटले तर कोणाचे तरी मन दुखावते, वाद होतो. ‘जागा नाही’ म्हटले की सारे मुकाट्याने मान डोलावतात. दोष कोणाचाच नाही; दोष बिचाऱ्या जागेचा!

हे वाक्य मी 2023 साली एकदा उच्चारले. माळ्याखाली उभा राहून नव्हे, तर एका संगणकापुढे बसून. ते खोटे होते हे मला पुढच्या वर्षीच्या दिवाळीत कळले. आणि ते एका नव्हे, दोन प्रकारांनी खोटे होते, हे कळायला त्याच दिवशी आणखी तासभर जावा लागला. त्या दुपारची हकीकत आणि तिच्यामुळे मनात उठलेला प्रश्न आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षे आहे. 2021 साली एका देणगीदाराने वाचनालयाला एक चांगला संगणक दिला. त्यावर पुस्तकांची देवघेव नोंदवावी, हिशेब ठेवावेत आणि गावातल्या जुन्या वह्या, मासिके, पोथ्या यांच्या पानांची चित्रे घेऊन ती साठवावीत, असे ठरले. गावातल्या एका हुशार मुलाने सांगितले की, तिन्ही कामे एकाच ठिकाणी कालवू नयेत. आपण एका संगणकाची तीन आभासी यंत्रे करू.

आभासी यंत्र, म्हणजे लोक ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते, हे यंत्राच्या पोटातले यंत्र आहे. खरा संगणक एकच असतो. पण त्यावरचा एक व्यवस्थापक त्याची वाटणी अशा खुबीने करतो की, आतल्या प्रत्येकाला आपणच या घराचे धनी आहोत असे वाटावे. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तिथे 1960 नंतरच्या दशकात तिची जडणघडण झाली आणि 1972 साली कंपनीने ती व्हीएम/370 या नावाने बाजारात आणली. तेथेही एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून एकेका यंत्राला एकेक तुकडा देत. त्याला ‘मिनिडिस्क’ म्हणत. ज्याच्या वाट्याला जो तुकडा येई, त्याला तीच संपूर्ण डिस्क वाटे. आपल्या पलीकडे काही आहे, याची त्याला वार्ताही नसे. आज आतल्या यंत्राची डिस्क म्हणजे बहुधा बाहेरच्या खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते, एवढेच. आतल्याचा समज मात्र तोच आहे.

आणि डिस्क तरी केवढी! 1956 साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली डिस्क आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेले ते एक प्रचंड कपाट होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आमच्या वाचनालयात एका पानाचे मोठे चित्र काढले की ते 25 एमबीचे होते. ते एक पान ठेवायला असली पाच कपाटेही पुरी पडली नसती. आता हाताच्या पंजाएवढ्या वस्तूत लक्षावधी पाने राहतात. आणि तरीही आपण म्हणतो, जागा नाही!

चित्रांच्या यंत्राला आम्ही 100 जीबीची डिस्क दिली होती. दोन वर्षांत ती भरल्याचे यंत्र सांगू लागले. तेव्हा त्या मुलाने बाहेरच्या व्यवस्थापकात जाऊन आकडा बदलला आणि 100 चे 200 केले. ‘वाढवली,’ असे त्याने सांगितले, आणि ते खरेही होते. त्यानंतर तो नोकरीसाठी पुण्याला गेला. यंत्र मात्र पूर्वीसारखेच ‘भरले, भरले’ म्हणत राहिले. 200 देखील भरले असतील, असे आम्ही धरून चाललो. मोजून कोणी पाहिले नाही.

2023 च्या डिसेंबरात काही नवीन चित्रे ठेवायची होती. कसली, ते पुढे सांगतो. जागा करण्यासाठी जुने काहीतरी पुसणे भाग होते. मी यादी पाहिली. तिच्यात एका वहीची 140 पाने होती. गावातल्या एका वृद्ध बाईंनी ती वही विश्वासाने आणून दिली होती. त्यांच्या सासूबाईंनी जात्यावर ऐकलेल्या ओव्या शाईने उतरवून घेतल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणती ओवी कोणाच्या तोंडून, कोणत्या वाडीतल्या बाईकडून ऐकली, हे टिपले होते. या पानांची आम्ही मोठी चित्रे घेतली होती. शिवाय चटकन पाहता यावीत म्हणून लहान चित्रेही केली होती. मी स्वतःशी म्हणालो, लहान आहेत ना, मग मोठ्यांचे काय काम? जागा नाही. आणि मोठी 140 चित्रे पुसून टाकली. साडेतीन जीबी जागा झाली.

पुढच्या वर्षी त्या बाई वारल्या. मुलांनी घर विकले. वही रद्दीत गेली की कुठे गेली, ते कोणालाच सांगता आले नाही. उरली ती आमच्याकडची लहान चित्रे. त्यांत शाईच्या ओव्या वाचता येतात. पेन्सिलीचा समास म्हणजे नुसता करडा डाग आहे.

2024 च्या भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचीही आली. ती पुण्यात संगणकाच्याच कामावर असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला वाचनालयात नेले आणि म्हटले, ‘हे बघ बाई, आमचे यंत्र सारखे भरते.’ तिने काही आज्ञा टंकल्या, पडद्याकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

‘मामा, डिस्क 200 ची आहे. तुम्ही 49 मध्येच राहताय.’

‘आणि उरलेली?’

‘आहे की. कोणी घेतलीच नाही.’

मी खुर्चीत बसलो. दीडशे जीबी जागा शेजारी मोकळी पडलेली असताना मी साडेतीन जीबीसाठी ती वही पुसली होती.

हे कसे झाले, हे तिने मला समजावून सांगितले. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला ते शेतीच्या भाषेतच कळले. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढले म्हणून काही खळ्यावरची रास वाढत नाही. आधी बांध सरकवावा लागतो, मग वाढलेली जमीन सामाईक खात्यात जमा करावी लागते, मग त्या सामाईकातून आपल्या वाटणीला किती ते ठरवावे लागते, आणि शेवटी ती जमीन फोडून लागवडीखाली आणावी लागते. संगणकातही याच चार पायऱ्या असतात, आणि प्रत्येकीला स्वतंत्र आज्ञा असते: ग्रोपार्ट, पीव्हीरिसाइझ, एलव्हीएक्स्टेंड आणि रिसाइझटूएफएस. बाहेरून आत, याच क्रमाने जायचे. आमच्या मुलाने सातबारा तेवढा बदलला होता. बांध जागच्या जागी होता.

पण ही झाली शंभराची गोष्ट. पहिल्या शंभरातले तरी 49 च का? याचे उत्तर मला अधिक विचार करायला लावणारे वाटले. आमच्या यंत्रावर उबंटू नावाची प्रणाली आहे. तिची मांडणी करताना आपण काही वेगळे सांगितले नाही, तर एवढ्या आकाराच्या डिस्कवर ती आपण होऊन निम्मीच जागा वापरायला देते. सुरुवातीच्या कामाला लागणारे 2 जीबी वगळले की 98 राहतात. त्यांतले 49 ती देते आणि 49 सामाईकात शिल्लक ठेवते. चुकून नव्हे, जाणूनबुजून. पुढे लागेल तेव्हा घेता यावी, म्हणून.

म्हणजे आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेत दोन प्रकारच्या जागा होत्या. 49 जीबी कोणीतरी विचार करून राखलेली होती. 100 जीबी कामाच्या अर्धवटपणामुळे नुसती राहिलेली होती. आमच्या अज्ञानाला मात्र दोन्ही सारख्याच. दोन्ही आम्हाला दिसत नव्हत्या, आणि म्हणून दोन्ही नव्हत्याच.

भाचीने पहिल्या दोन आज्ञा दिल्या. यंत्र बंदसुद्धा करावे लागले नाही. तिसरीपाशी ती थांबली.

‘मामा, इथे किती घ्यायची ते सांगावे लागते. शंभर टक्के मोकळी जागा घे, असेही सांगता येते. बहुतेक लोक तेच करतात. काय करू?’

‘सगळी घे,’ मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा. ‘एक कणही ठेवू नकोस.’

तिने बोटे उचलून घेतली. ‘आत्ता रागात आहात. चहा पिऊन या.’

चहा पिता पिता मी त्या प्रश्नाचा विचार करू लागलो. हा प्रश्न संगणकाचा राहिला नव्हता. जे आपल्याला मिळण्यासारखे आहे, ते सगळे घ्यावे की नाही? एका बाजूने पाहिले तर न घेणे हा नुसता अपव्यय आहे. आमची आई पानात टाकलेले शीत खपवून घेत नसे. कोणाच्या तरी घामाने जे पिकले, ते तुम्ही वाया घालवता, असे ती म्हणे. रिकामी पडलेली दीडशे जीबी ही देणगीदाराच्या पैशाची पानात टाकलेली शिते नव्हेत काय? आणि त्या टाकण्याची किंमत तर एका वहीने चुकवलेली. मग आता तरी कण न् कण वापरणे हेच प्रायश्चित्त नाही का?

दुसऱ्या बाजूने, सारे भरून टाकणाऱ्याचे पुढे काय होते, तेही आपण पाहतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात एक खोचक लेख लिहिला. हाताशी जितका वेळ असेल तितके काम पसरत जाते, असे त्यांचे म्हणणे. जागेलाही ते तंतोतंत लागू पडते. मोठ्या घरात गेलेल्या कोणत्या कुटुंबाची कपाटे दोन वर्षांनी रिकामी राहिली आहेत? पण ‘भरेल’ एवढ्याच भीतीने जागा न वापरणे म्हणजे चोराच्या भीतीने दाराला कुलूप लावून स्वतः ओसरीवर निजण्यासारखे आहे.

परत आलो तेव्हा मी भाचीलाच विचारले, ‘सगळी घेतली तर बिघडते काय?’ तिने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

जागा वाढवणे सोपे असते, आखडणे अवघड. वाढवताना काम चालू राहू शकते. आखडायचे तर आमच्या पद्धतीच्या मांडणीत आधी सगळे काम थांबवून ती जागा सोडावी लागते, आणि क्रम उलटा करावा लागतो, आतून बाहेर. आधी लागवड मागे घ्यायची, मग बांध. त्यात क्रम चुकला तर बांध उभ्या पिकातून जातो. एक्सएफएस नावाची आणखी एक प्रचलित मांडणी आहे. तिला वाढणे ठाऊक आहे, आखडण्याची सोय तिच्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे ‘आत्ता सगळी घेऊ, नको असेल तेव्हा परत करू’ हे बोलायला ठीक आहे. माणसांच्या बाबतीतही हक्क सोडण्याचे प्रसंग असेच ऑपरेशनच्या टेबलावर न्यावे लागतात.

दुसरे असे की, जाणत्यांनी रिकाम्या जागेला कधी निकामी मानलेले नाही. 1984 साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातील मॅक्क्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री या चौघांनी युनिक्ससाठी केलेल्या एका वेगवान मांडणीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात साधारण दहावा हिस्सा कायम मोकळा ठेवण्याची तरतूद होती. कारण साधे आहे: सगळे भरले की नव्या वस्तूला सलग जागा मिळत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी लांब लांब ठेवावी लागते आणि सारेच काम मंदावते. आमच्या यंत्रातल्या ईएक्सटी4 या मांडणीतही एरवी शेकडा पाच भाग राखून ठेवलेला असतो. तो फक्त यंत्राच्या व्यवस्थापकाला वापरता येतो. हेतू असा की, बाकीच्यांनी घर गच्च भरून टाकले तरी आवरायला येणाऱ्याला निदान पाय ठेवता यावा.

तिसरी गोष्ट ऐकताना मात्र माझा चहा उतरला. सामाईकात मोकळी जागा असेल, तर काही धोक्याचे काम करण्यापूर्वी सगळ्या चित्रभांडाराचे एक क्षणचित्र धरून ठेवता येते. त्याला सगळ्याची दुसरी प्रत लागत नाही. त्यानंतर जे जे बदलेल, त्याचे जुने रूप तेवढे त्या मोकळ्या जागेत जाऊन बसते. चूक झाली असे वाटले, तर मागे जाता येते. जागाच शिल्लक नसेल, तर क्षणचित्र घेता येत नाही, आणि केलेले केलेच.

‘म्हणजे त्या दिवशी पुसण्यापूर्वी...’ मी म्हणालो.

‘हो,’ ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

ती 49 जीबी कशासाठी राखलेली होती, हे मला तेव्हा कळले. ती माझ्यासारख्या माणसासाठीच होती.

आणखी एक गोष्ट तिने बाहेरच्या यंत्रात पाहून सांगितली. खरी डिस्क 500 जीबीची आहे. तीन आभासी यंत्रांना दोनशे-दोनशे, म्हणजे 600 कबूल केलेले आहेत. हे बेकायदा नाही. सर्रास असेच करतात. कबूल केलेली जागा लिहिण्याची वेळ येईपर्यंत प्रत्यक्ष खर्ची पडत नाही, आणि सगळे एकदम मागत नाहीत, या भरवशावर हा व्यवहार चालतो. लग्नाचा यजमान सहाशे पत्रिका वाटतो आणि पाचशे पाने मांडतो, तसेच. पण ज्या दिवशी सहाशेही येतील त्या दिवशी काय? तिन्ही यंत्रे आपापल्या परीने प्रामाणिकपणे आपला हक्क बजावतील, आणि खरी डिस्क भरली की तिघांचेही लिहिणे अडेल. देवघेवही बंद, हिशेबही बंद. ‘उपलब्ध असलेली सगळी जागा’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती जागा आपल्याच भिंतींच्या आतून मोजलेली असते. भिंतीपलीकडे आणखी दोघे तोच आकडा आपला म्हणून मोजत आहेत, हे आतून दिसत नाही.

एवढे ऐकूनही माझा राग गेला नव्हता. मी म्हणालो, ‘ते सारे खरे. पण जागा असती तर मी वही पुसली नसती, हेही खरे ना?’

भाचीने उत्तर दिले नाही. कुठल्या कप्प्यात किती जागा गुंतली आहे, याची यादी तिने पडद्यावर काढली, मोठा आकडा वर, लहान खाली. सर्वांत वरचा कप्पा 14 जीबीचा होता. नाव होते ‘सत्कार’.

आता मघाशी पुढे सांगतो म्हटले ते सांगायला हवे. 2023 च्या डिसेंबरात जी नवीन चित्रे ठेवायची होती, ती वाचनालयाच्या वार्षिक समारंभाची होती. आधीच्या दोन समारंभांची 11 जीबी आधीच होती. त्यांत ही तीनेक जीबीची भर पडायची होती. शाल, श्रीफळ, हार; पुन्हा शाल, श्रीफळ, हार. एकाच क्षणाची सात-सात छायाचित्रे. त्यांतल्या कित्येकांत मी आहे. एकात माझे डोळे मिटलेले आहेत. तेही मी ठेवले होते.

वही पुसण्याऐवजी यांतली एका क्षणाची सहा छायाचित्रे पुसून एक ठेवले असते, तरी भागले असते. ते माझ्या मनातही आले नाही. म्हणजे ‘जागा नाही’ हे माझे वाक्य पहिल्यांदा खोटे होते ते अज्ञानामुळे. शेजारी दीडशे जीबी होती. आणि दुसऱ्यांदा खोटे होते ते मी ज्या 49 त राहत होतो त्यांतही. जागा होती. ती माझ्या छायाचित्रांनी अडवली होती. मला म्हणायचे होते, ‘त्या वहीपेक्षा मला हे हार मोलाचे वाटतात.’ पण असे वाक्य कोणी उच्चारत नाही. म्हणून आपण ‘जागा नाही’ म्हणतो.

दीडशे जीबी माहीत असती, तर वही वाचली असती यात शंका नाही. पण मी काही अधिक चांगला माणूस ठरलो नसतो. वही आणि हार शेजारी शेजारी सुखाने राहिले असते आणि कशाची किंमत काय हा प्रश्न मला कोणी विचारलाच नसता. सुबत्ता माणसाला पुष्कळ पापांपासून वाचवते, हे तिचे मोठे पुण्य आहे. मात्र ती त्याला शहाणे करीलच असे नाही.

मग काय करावे? आईच्या स्वयंपाकघरातले जे मला अर्धेच आठवले होते, त्याचे दुसरे अर्धे आता आठवले. पानात टाकलेले तिला चालत नसे, हे खरे. पण भांडे मात्र ती कधी खरवडून रिकामे करीत नसे. तळाशी डावभर भात ती नेहमी ठेवी. कोणी अवेळी आले तर! भात तोच. पानात राहिला तर टाकलेला, भांड्यात राहिला तर राखलेला. फरक भातात नव्हता. भांड्यात किती डाव आहेत, हे तिला झाकण न उघडता सांगता येई, आणि तो कोणासाठी आहे, हेही ठाऊक असे. पानातल्याची मात्र कोणालाच आठवण नसे.

राखलेले आणि राहिलेले यांत एवढाच भेद आहे, असे मला वाटते. रिकाम्या जागेकडे बघून तो कळत नाही. जिची कोणाला आठवण आहे, ती राखलेली. जिची कोणालाच आठवण नाही, ती राहिलेली. मग ती मुळात कितीही शहाणपणाने ठेवलेली असो. उबंटूच्या कर्त्यांनी आमच्यासाठी राखलेली 49 जीबी आमच्या विसराळूपणाने राहिलेली करून टाकली. संयमाची पुष्कळ कीर्ती आपण गातो. पण जे आपल्यापाशी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे न वापरणे हा संयम नव्हे. तो नुसता अंधार आहे. आणि सारे माहीत असून सारेच उचलणारा, तोही आपल्या हातांनी मागे जायची वाट बुजवतो. या दोहोंच्या मधे जी जागा आहे ती मोजून, ठरवून, लिहून ठेवण्याची आहे. तिला कष्ट पडतात. म्हणूनच बहुधा आपण एक तर विसरतो, नाही तर सगळे घेतो.

‘120 कर,’ मी भाचीला म्हणालो. तिने तिसरी आज्ञा दिली, मग चौथी. पडद्यावर 49 चे 120 झाले. सामाईकात 78 राहिले. बाहेरच्या डिस्कवर ती जागा आमच्या यंत्राने अडवलेली नाही, त्यामुळे शेजारच्या दोघांनाही अडचणीच्या वेळी तेवढा श्वास मिळेल.

मग तिने पुसलेली चित्रे परत मिळतात का, ते पाहिले. बराच वेळ पाहिले. ज्या जागेवर ती होती, तिच्यावर पुढच्या गोष्टी लिहून झाल्या होत्या. ‘नाही मामा,’ ती म्हणाली. सत्काराचा कप्पा मी त्याच संध्याकाळी चाळला आणि चौदाचा दीड जीबी केला. डोळे मिटलेले छायाचित्र तेवढे राहू दिले. हारांसाठी नव्हे, त्या वेळी माझे डोळे खरोखरच मिटलेले होते, म्हणून.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलाच्या खणात एक जाड नोंदवही असते. कापडी बांधणीची. यंत्रातले यंत्रात राहिले की कोणी वाचत नाही, म्हणून मी त्या वहीत दोन नोंदी केल्या. पहिलीत लिहिले: चित्रांच्या यंत्राची डिस्क 200 जीबी; वापरासाठी 120; मोकळी 78; ही पुसापुशीपूर्वी क्षणचित्र घेण्यासाठी आणि अडचणीसाठी राखलेली आहे; कार्यकारिणीला विचारल्याशिवाय घेऊ नये; दर दिवाळीला मोजून येथे लिहावे. दुसरीत लिहिले: ओव्यांच्या वहीची 140 पानांची मोठी चित्रे डिसेंबर 2023 मध्ये मी पुसली, तेव्हा जागा होती. खाली सही केली.

या दिवाळीला पहिली नोंद करायची आहे.